सिकलसेलमधला 'ध' चा 'मा', आणि क्रिस्परने त्यात नक्की काय केलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ९ वर्षांची, सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जीन आलेलं. दोन वर्षं हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल चालू आहे आणि दुखण्याचे क्रायसिस वर्षाला पाच-सहा होते ते आता एक-दोनवर आलेत. वडिलांनी बातमी वाचली की क्रिस्पर नावाच्या जीन एडिटिंगने सिकलसेल 'मुळापासून बरा' होतो, म्हणून ते विचारतायत की ही रोजची कॅप्सूल बंद करून त्या उपचाराची वाट बघायची का, आणि धाकट्या भावाच्या बोन मॅरोबद्दल (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) डॉक्टर बोलत होते त्याला आता काही अर्थ उरलाय का.

उत्तर आधी सांगून टाकते, कारण लांबलचक वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी डोक्यात राहू दे. कॅप्सूल बंद करायची नाही. भावाची तपासणी करून घ्यायची, आणि ती लवकर. क्रिस्परची बातमी खोटी नाहीये, पण 'मुळापासून' हा शब्द चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळलं की पहिल्या दोन गोष्टी मी इतक्या ठामपणे का सांगतेय तेही कळेल.

मी लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांचं काम करतेय त्याला वीस वर्षं होऊन गेली. सिकलसेलवर नवीन काहीतरी आलं की पुढचे पंधरा दिवस ओपीडीत तोच विषय असतो, आई-बाप मोबाईल पुढे धरतात, मॅडम हे बघा. मला त्याचा राग येत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण बातमीत नेहमी शेवटचं पान असतं, आधीची शंभर वर्षं नसतात, आणि तुमच्या मुलीच्या कामाचं जे आहे ते बरंचसं त्या शंभर वर्षांत आहे.

तर सुरुवातीपासून. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी एका तरुण पेशंटच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी दिसल्याचं लिहून ठेवलं. का वाकड्या, कशाने, काहीच कल्पना नव्हती. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नाही, पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, एखाद्या आजाराचं कारण थेट एका रेणूत सापडलं अशी ती पहिलीच वेळ. मग १९५७ ला केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी अगदी नेमकं बोट ठेवलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे अमायनो ॲसिड, असतात, त्यातला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. बस्स, बाकी सगळं जसंच्या तसं. डीएनएच्या भाषेत बघायचं तर जीएजी असं लिहायला हवं होतं तिथे जीटीजी लिहिलं गेलंय, एक अक्षर.

आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, 'ध' चा 'मा'. आनंदीबाईंनी खरंच ते अक्षर खोडलं होतं का याला तसा पक्का पुरावा नाही, ते असो, पण एका अक्षराने हुकूम कसा फिरतो हे सांगायला याहून बरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. व्हॅलीनचा स्वभाव जरा तेलासारखा, पाण्यापासून लांब पळायचं आणि दुसऱ्या तेलकट जागेला चिकटायचं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर तशी एक खाच उघडी पडते, हा सहावा मणी तिथे जाऊन बसतो, मग त्याला तिसरा, त्याला चौथा, असा आतल्या आत दोरखंड तयार होतो आणि तो पेशीला ताणून विळा करतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, तो क्रायसिस. आणि नेहमीची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते ती सिकलसेलमध्ये १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून ते डोळे पिवळे दिसणं आणि हिमोग्लोबिन कायम कमी.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. आता जे सांगते ते बातम्यांमध्ये क्वचित येतं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

तुम्हाला आठवतंय का बघा, तुमची मुलगी पहिले पाच-सहा महिने अगदी ठणठणीत असणार. ही मुलं जन्मतः आजारी नसतात. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांच्या हे लक्षात आलं की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रक्तात विळे फारसे दिसतच नाहीत. त्यांचा तर्क असा होता की पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते बाळाला वाचवत असावं. तर्क बरोबर निघाला. गर्भात बीटा साखळी नसतेच जवळजवळ, तिच्या जागी गॅमा नावाची दुसरी साखळी असते, त्याला फीटल हिमोग्लोबिन किंवा एचबीएफ म्हणतात, तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर ते लिहिलेलं असतं. गॅमा साखळीत तो चिकट मणी नाही, उलट ती मध्ये आली की दोरखंड तुटतो. जन्मानंतर शरीर गॅमा बंद करत जातं आणि बीटा चालू करतं. सहा महिन्यांच्या सुमारास अदलाबदल बऱ्यापैकी पुरी होते आणि मग पहिला क्रायसिस, बहुतेक वेळा हातापायाची बोटं सुजून.

आणि काही लोकांत ही अदलाबदल नीट होतच नाही. त्यांचं लहानपणचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी चालू राहतं. तशांना सिकलसेलची दोन्ही जीन्स मिळाली तरी आजार खूपच सौम्य राहतो. म्हणजे निसर्गाने आधीच उत्तर लिहून ठेवलं होतं, की बिघडलेलं अक्षर दुरुस्त नाही केलं तरी चालेल, जुनं हिमोग्लोबिन परत चालू करा. प्रश्न होता की ते बंद कोण करतं.

तुमच्या घरातली ती कॅप्सूल इथेच येते. हायड्रॉक्सीयुरिया हे रसायन प्रयोगशाळेत १८६९ मध्ये पहिल्यांदा तयार झालं, पुढे ते रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरलं जायचं, आणि मग लक्षात आलं की ते घेणाऱ्यांत एचबीएफ वाढतं. १९९५ मध्ये २९९ मोठ्या माणसांवरच्या ट्रायलचा निकाल आला, औषध न घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार क्रायसिस आले तर घेणाऱ्यांना अडीच, फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली. १९९८ ला अमेरिकेत मंजुरी. पुढे अगदी ९ ते १८ महिन्यांच्या बाळांवरही अभ्यास झाला. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ६०६ मुलांचा निकाल आला, त्यात दुखणं कमी झालंच पण रक्त चढवणं, मलेरिया आणि मृत्यू हे सगळंच कमी झालं. एवढं सगळं एका जुन्या, साध्या कॅप्सूलने. तिच्यावर पहिल्या पानावर बातमी येत नाही कारण ती नवीन नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मी अशी घरं पाहिलीत जिथे 'किमोचं औषध आहे' असं कुणीतरी सांगितलं म्हणून कॅप्सूल कपाटात पडून राहिली आणि मूल मात्र दर दोन महिन्यांनी वॉर्डात.

(किमोचं औषध आहे हे खरं, पण डोस कॅन्सरचा नसतो. ठराविक अंतराने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली जात नाहीत ना बघायचं, वजन वाढलं की डोस वाढवायचा. हे वजनाचं लोक विसरतात. ७ वर्षांची असतानाचा डोस ९ व्या वर्षी पुरत नाही, तुमच्या मुलीचे उरलेले एक-दोन क्रायसिस कदाचित तेवढ्यानेच कमी होतील, हे डॉक्टरांना नक्की विचारा.)

आता क्रिस्पर. गॅमा कोण बंद करतं याचं उत्तर २००७-०८ च्या सुमाराला मिळालं, आणि तेही आडवाटेने. हजारो लोकांचे जीन्स आणि त्यांचं एचबीएफ ताडून बघताना एका जीनकडे बोट दाखवलं गेलं, बीसीएल११ए. या जीनचं नाव रक्ताच्या अभ्यासकांनी हिमोग्लोबिनच्या संदर्भात त्याआधी ऐकलंसुद्धा नव्हतं. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकाने दाखवलं की हाच तो, याला दाबलं की गॅमा परत चालू होतं. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या स्वी ले थीन यांचंही या शोधात मोठं काम आहे, २०२४ चा शॉ पुरस्कार ऑर्किन आणि थीन या दोघांना मिळून मिळाला.

पण बीसीएल११ए सरसकट बंद करून चालणार नव्हतं, कारण मेंदूच्या आणि पांढऱ्या पेशींच्या घडणीतही त्याची गरज असते. घरातला एक दिवा बंद करायचाय म्हणून मेन स्विच पाडून कसं चालेल. २०१३ मध्ये डॅनियल बॉवर आणि ऑर्किन यांना त्या जीनच्याच आत डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला, जो फक्त लाल पेशी तयार होतानाच त्या जीनला 'चालू हो' असं सांगतो. बाकीच्या पेशींना त्याच्याशी देणंघेणं नाही. हा तुकडा मोडला की लाल पेशीत बीसीएल११ए थंडावतो, बाकी शरीरात जिथल्या तिथे चालू राहतो. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर शोध हाच आहे, क्रिस्परपेक्षाही, पण त्याला काही नोबेल मिळालं नाही.

आणि तो तुकडा मोडायला कात्री मिळाली ती जिवाणूंकडून. स्पेनमधले फ्रान्सिस्को मोहिका मिठागरात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचत होते, त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसायची आणि मधल्या जागेत वेगवेगळा मजकूर. याच रचनेला पुढे क्रिस्पर नाव पडलं. हा मधला मजकूर व्हायरसचा आहे हे २००५ च्या सुमारास कळलं. जिवाणू आधी येऊन गेलेल्या व्हायरसचे तुकडे कापून स्वतःच्या वहीत चिकटवून ठेवतो आणि तोच परत आला की वहीतून ओळख पटवून त्याचा डीएनए कापतो. कापणारं प्रोटीन म्हणजे कॅस९. २०१२ मध्ये इमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं की वहीतली ओळ आपण लिहून दिली तर ही कात्री आपण सांगू तिथे कापते, वीस अक्षरांचा पत्ता द्यायचा. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच. मिठागरातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून काय मिळणार असं मोहिकांना तेव्हा कितीजणांनी विचारलं असेल, मला कुतूहल आहे.

आता सगळं एकत्र जोडा. बातमीतला उपचार, कॅसजेव्ही त्याचं नाव, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला मंजूर झाला, क्रिस्परवर आधारित जगातला पहिलाच. तो काय करतो? पेशंटच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढतो, त्यांच्यात तो स्विचचा तुकडा कापतो. पेशी कापलेली टोकं घाईघाईने जोडते आणि जोडताना दोन-चार अक्षरं इकडची तिकडे करते, तेवढ्याने स्विच निकामी होतो. लाल पेशीत गॅमा परत चालू.

म्हणजे बघा, त्यांनी 'मा' चा परत 'ध' केलाच नाही. ते बिघडलेलं अक्षर जसंच्या तसं आहे, एसएसचं एसएसच राहिलंय. हुकूम चुकीचा लिहिलेला तसाच आहे, फक्त त्याच्या शेजारी एक जुना, बरोबर हुकूम पेटीतून काढून ठेवला आणि लोक आता दोन्ही वाचतात आणि जुन्यामुळे निभावून नेतात. आणि तुमची कॅप्सूल? तीही तेच दार ठोठावते, हळू हाताने, रोज. क्रिस्पर तेच दार एकदाच आणि कायमचं उघडतं. ट्रायलमध्ये एचबीएफ एकूण हिमोग्लोबिनच्या ४० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि तिथेच टिकलं, गोळीने सहसा इतकं जात नाही, फरक आहेच आणि मोठा आहे. पण दिशा एकच. म्हणून 'गोळी बंद करून क्रिस्परची वाट बघू' हे मला असं वाटतं की पाऊस येणारच आहे तर आजपासून विहिरीचं पाणी पिणं बंद करू.

निकाल चांगले आहेत, त्यात मी पाणी ओतणार नाही. ज्या ३१ जणांचं पुरेसा काळ निरीक्षण झालं होतं त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र क्रायसिस आला नाही, आणि हे लोक असे होते ज्यांना आधी वर्षाला किमान दोन तरी मोठे क्रायसिस यायचेच. स्वतःच्याच पेशी असल्याने परक्या पेशींनी शरीरावर हल्ला करण्याचा धोका नाही. थॅलेसेमियात (हिमोग्लोबिनचाच दुसरा आजार) सुद्धा ३५ पैकी ३२ जणांचं रक्त चढवणं किमान वर्षभर थांबलं, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत त्यासाठीही मंजुरी आली.

आता जे बातमीत एका ओळीत उरकतात ते. 'पेशी काढतात, दुरुस्त करतात, परत देतात.' ऐकायला घड्याळ दुरुस्तीला दिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं सांगते. आधी काही महिने रक्त बदलत राहायचं. हायड्रॉक्सीयुरिया काही आठवडे थांबवावं लागतं. मग स्टेम सेल रक्तात उतरवायचं इंजेक्शन. इतर ट्रान्सप्लांटमध्ये जे नेहमीचं इंजेक्शन वापरतात ते सिकलसेलमध्ये धोक्याचं, पांढऱ्या पेशी एकदम वाढून जीवघेणा क्रायसिस येऊ शकतो, म्हणून दुसरं वापरतात, आणि त्यात पेशी कमी मिळतात, मग परत एकदा, कधी तिसऱ्यांदा. मशीनला तासन्‌तास जोडलेलं मूल. पेशी लॅबमध्ये जातात आणि तयार होऊन तपासून परत यायला सहा महिनेही लागू शकतात. त्या आल्या की मग खरी परीक्षा, कारण नवीन पेशींना जागा करायची तर जुना बोन मॅरो पुसून काढावा लागतो, त्यासाठी बुसल्फान नावाची किमो, चार दिवस. केस जातात, तोंड आतून सोलवटतं, गिळता येत नाही, पांढऱ्या पेशी शून्यावर, चार ते सहा आठवडे हॉस्पिटलच्या एका खोलीत. हे सगळं जीन एडिटिंगमुळे नाही, किमोमुळे. कात्री एकविसाव्या शतकातली आहे, पण जमीन नांगरायची पद्धत विसाव्या शतकातलीच.

आणि बुसल्फानमुळे पुढे मूल न होण्याची शक्यता मोठी आहे, मुलीच्या बाबतीत तर जास्तच. वयात आलेल्या मुलींची स्त्रीबीजं आधी गोठवून ठेवता येतात, ९ वर्षांच्या मुलीत बीजांडकोशाचा तुकडा काढून गोठवणं एवढाच मार्ग. हे आई-वडिलांशी बोलताना माझाही आवाज जरा खाली येतो, कारण ९ वर्षांच्या मुलीच्या वतीने तिच्या तिशीचा निर्णय घ्यायचा असतो. पण बोलावं लागतं, आणि उपचार सुरू व्हायच्या आधी बोलावं लागतं, नंतर बोलून उपयोग नाही.

अजून दोन गोष्टी. ही मंजुरी १२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी मिळाली, ५ ते ११ वयाच्या मुलांसाठी वेगळी ट्रायल घ्यावी लागली. आणि 'बरा' झालेल्या माणसाच्या बीजांडात किंवा शुक्राणूत काहीही बदललेलं नसतं, तिथे सिकलचं जीन आहे तसंच आहे. तुमच्या मुलीला उद्या हा उपचार मिळाला आणि ती छान झाली तरी तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून एक सिकलचं जीन जाणारच, म्हणून जोडीदाराची तपासणी तिच्या बाबतीत तेव्हाही लागेल. जो मेंदूला, किडनीला, खुब्याच्या हाडाला आधीच मार बसलाय तोही परत भरून येत नाही. 'मुळापासून' शब्दावर माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठी.

कात्रीने दुसरीकडे कुठे चुकून कापलं तर? हा प्रश्न रास्त आहे. आतापर्यंत त्यामुळे कुणाला काही झाल्याचं दिसलेलं नाही, पण पहिल्या पेशंटला हे मिळालं २०१९ मध्ये, म्हणजे काळ अजून थोडाच झालाय, म्हणून या पेशंटना १५ वर्षं बघत राहायचं ठरलंय. कॅसजेव्हीबरोबर अमेरिकेत एकाच दिवशी मंजूर झालेला दुसरा उपचार, लिफ्जेनिया, तो कात्री वापरत नाही, व्हायरसच्या गाडीतून नवीन जीन आत नेतो. त्याच्या पेशंटमध्ये रक्ताचा कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत म्हणून त्याच्यावर ठळक इशारा छापलेला असतो. दोन्हीला लोक 'जीन थेरपी' म्हणतात पण ते एक नाहीत, बातमी वाचताना नाव नीट बघा.

भावाबद्दल. तुमच्या प्रश्नात हा भाग शेवटी आणि जाता जाता आलाय, मी तो पहिला ठेवला असता. सिकलसेल बोन मॅरो ट्रान्सप्लांटने बरा होऊ शकतो हे १९८४ पासून माहीत आहे, आणि तेही योगायोगाने कळलं. एका ८ वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होता म्हणून ट्रान्सप्लांट केलं, तिला सिकलसेलही होता, दोन्ही गेले. २०१७ मध्ये अशा १००० पेशंटचा हिशोब प्रसिद्ध झाला ज्यांना पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाचा मॅरो मिळाला होता, पाच वर्षांनी जवळपास ९३ टक्के हयात, आणि ९१ टक्के आजाराशिवाय हयात. वय जितकं लहान तितका निकाल चांगला. क्रिस्परच्या काही डझन पेशंटसमोर हे हजार पेशंट आहेत, काही तर तीस वर्षांपूर्वीचे. किमो इथेही लागते, मूल न होण्याचा धोका इथेही आहे, वर परक्या पेशींचा त्रास होऊ शकतो. पण ज्या मुलाला पूर्ण जुळणारं भावंड आहे त्याच्यासाठी आजही मी आधी हाच रस्ता बघते. आणि इथे सिकलचं अक्षर खरंच जातं, निदान रक्तातून, कारण पेशीच भावाच्या असतात.

अडचण अशी की जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून एचएलए तपासणी, म्हणजे भावाच्या पेशी तिच्याशी जुळतात का ते बघणं. भाऊ स्वतः वाहक म्हणजे एएस असला तरी चालतो, बरेच लोक इथेच गैरसमजाने मागे फिरतात. एसएस असेल तर मात्र नाही.

पुढे काय येतंय? बोन मॅरो न पुसता, सलाईनमधून औषध देऊन शरीराच्या आतच एडिटिंग, ही खरी दिशा आहे. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाळाची बातमी आली होती ती तुम्हीही वाचली असेल, यकृताचा दुर्मिळ आजार, फक्त त्या एका बाळाच्या चुकलेल्या अक्षरासाठी डॉक्टरांनी सहा महिन्यांत औषध बनवलं. तिथे कात्री नव्हती, बेस एडिटर होता, म्हणजे खोडरबर आणि पेन्सिल, डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये आणलेली पद्धत. पण यकृतात औषध पोचवणं त्यातल्या त्यात सोपं, चरबीचे बारीक थेंब रक्तात सोडले की यकृत ते आपणहून उचलतं. बोन मॅरोतल्या स्टेम सेलपर्यंत पोचणं अजून अवघड आहे. आणि गंमत बघा, सिकलचं ते एक अक्षर बेस एडिटरला थेट मूळ अक्षरात बदलता येत नाही, त्याच्या रसायनात तो बदल बसतच नाही. पण त्याला तिसऱ्याच अक्षरात बदलता येतं, आणि त्यातून जे हिमोग्लोबिन बनतं ते मकासार नावाने माणसात आधीपासून आहे आणि ते त्रास देत नाही. 'मा' चा 'ध' नाही होत तर 'रा' करू, हुकूम निरुपद्रवी झाल्याशी मतलब. उंदरांत हे २०२१ मध्ये करून दाखवलंय.

हे सगळं वाचून हुरूप येतो, मलाही येतो. पण मी हेही बघितलंय की २०१९ मध्ये व्हॉक्सेलोटर नावाची गोळी मोठ्या गाजावाजाने मंजूर झाली, हिमोग्लोबिन वाढायचं, रिपोर्ट सुंदर यायचे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून परत घेतली, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसायला लागला होता. म्हणून नवीन म्हटलं की मी एक पाऊल मागे उभी राहते. 'स्टेम सेल थेरपीने सिकलसेल बरा, किमो नाही, ॲडमिशन नाही' अशी जाहिरात कुणी दाखवली तर मात्र एक नाही, दहा पावलं मागे, तसलं काही अस्तित्वात नाही.

तोवर तुमच्या मुलीला त्या पुढच्या उपचारापर्यंत धडधाकट पोचवणं हे काम आहे, आणि ते करणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. लहान वयात पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकस नावाच्या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो हे १९८६ पासून माहीत आहे, आता ती मोठी झालीय तर न्यूमोकोकसच्या लसी पुऱ्या झाल्यात का ते बघा. ताप १०१ च्या वर गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल, कारण या मुलांची प्लीहा कधीच निकामी झालेली असते आणि जंतू काही तासांत रक्तात पसरतात. आणि ट्रान्सक्रॅनिअल डॉपलर, म्हणजे डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, २ ते १६ वयात वर्षातून एकदा. दुखत नाही, अर्धा तास लागतो. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून वर गेला असेल तर पक्षाघाताचा धोका खूप असतो आणि नियमित रक्त चढवून तो ९० टक्क्यांहून जास्त कमी करता येतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालंय. तरी माझ्याकडे दुसरीकडून येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचं डॉपलर एकदाही झालेलं नसतं, आणि आई-बापांना क्रिस्पर माहीत असतं. दोष त्यांचा नाही, आम्ही डॉक्टरांनीच सांगितलेलं नसतं.

तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तीन आकडे लिहून घ्या. शेवटच्या रिपोर्टमधलं एचबीएफ किती टक्के आणि गोळी सुरू करायच्या आधी किती होतं, हायड्रॉक्सीयुरियाचा डोस सध्याच्या वजनाला किलोमागे किती मिलिग्रॅम पडतोय, आणि शेवटच्या डॉपलरचा वेग. डॉपलर झालं नसेल तर ते आधी. आणि भावाची एचएलए तपासणी त्याच दिवशी उरकून टाका, थोडंसं रक्त किंवा गालाच्या आतला कापसाचा बोळा, एवढंच लागतं. रिपोर्ट आले की मला पाठवा, मग ट्रान्सप्लांट, थांबणं की पुढे कधीतरी क्रिस्पर, यावर आकडे समोर ठेवून बोलू.